आनुवंशिक लेखातील ‘ध’चा ‘मा’

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यासंबंधीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ‘नारायणरावास धरावे’ या आज्ञेतील एका अक्षरात फेरफार करून ‘मारावे’ असे करण्यात आले, असे सांगतात. इतिहाससंशोधक या कथेचा पुरावा मागतील आणि ते योग्यच होईल. पण ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत कायमचा रुजला. कागद तोच, मजकूर तोच. एक अक्षर पालटले आणि अर्थाचा अनर्थ झाला.

निसर्गाच्या दप्तरातही असे फेरफार होत असतात. त्यांपैकी एका फेरफाराचे परिणाम धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांच्या सातपुडा पट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबे आजही भोगीत आहेत. मूल वरचेवर आजारी पडते, हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडते, डोळे पिवळसर दिसतात, शाळा बुडते. कोणी त्याला सांधेवात म्हणतो, कोणी कावीळ, तर कोणी बाहेरची बाधा. वस्तुतः तो सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असू शकतो आणि त्याचे मूळ एका अक्षरात आहे. हे अक्षर कोणते, ते कोठून आले, सातपुड्यात ते का टिकून राहिले आणि ते ओळखता येऊ लागल्यामुळे गावपातळीवर काय करणे शक्य आहे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

तीनशे कोटी अक्षरे

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाच्या अतिसूक्ष्म धाग्यावर शरीराच्या घडणीची माहिती नोंदलेली असते. या नोंदीची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही त्या रसायनांची नावे. शास्त्रज्ञ त्यांना थोडक्यात ए, टी, जी, सी असे म्हणतात. या चार अक्षरांच्या निरनिराळ्या जुळणीतून सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा एक संच तयार होतो. असा एक संच आपणांस आईकडून मिळतो व एक वडिलांकडून. या लेखातील जो परिच्छेद एखादे प्रथिन कसे बनवावे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. जनुकातील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा असतो आणि एक शब्द म्हणजे प्रथिनाच्या माळेतील एक मणी, अर्थात एक अमिनो आम्ल.

हा लेख वाचण्याचे काम २००३ मध्ये बहुतांशी पूर्ण झाले व राहिलेल्या जागा २०२२ मध्ये भरून निघाल्या. कोणत्याही दोन माणसांचे लेख शेजारी ठेवून ताडून पाहिले तर साधारणतः हजार अक्षरांमागे एका अक्षराचा फरक आढळतो. बाकी नऊशे नव्याण्णव अक्षरे सारखीच असतात. वंशश्रेष्ठत्वाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा. तथापि तीनशे कोटींच्या हिशेबात हजारी एक म्हणजे तीस लाख फरक होतात. समाजात बऱ्यापैकी आढळणाऱ्या अशा एकेका अक्षराच्या फरकाला शास्त्रीय परिभाषेत ‘एकल न्यूक्लिओटाइड बहुरूपता’ असे भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘स्निप’ म्हणतात. बहुतेक स्निप निरुपद्रवी असतात. ‘किंमत’ऐवजी कोणी ‘किमत’ लिहिले म्हणून बाजारातील व्यवहार अडत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत मात्र अर्थच बदलतो.

रक्तगटाचे उदाहरण घ्या. बहुतेक ओ रक्तगटाच्या माणसांत ए गटाचा पदार्थ तयार करणाऱ्या जनुकातील एक अक्षर गळलेले असते. एक अक्षर गळल्यामुळे पुढील सर्व तीन-तीन अक्षरांचे शब्द चुकतात, प्रथिन निकामी होते आणि रक्तगट ओ ठरतो. त्या माणसाचे त्यावाचून काही बिघडत नाही. परंतु रक्त चढविण्याची वेळ आली की हा गळालेल्या अक्षराचा फरक जीवन-मरणाचा ठरतो.

जळगाव जिल्ह्यातील वाचकांना केळीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. केळीचे बी कोणी पेरीत नाही. मुनवे लावतात किंवा ऊतिसंवर्धित रोपे आणतात. त्यामुळे रावेर-यावलकडील बागेतील बसराई अथवा ग्रँड नैन जातीची हजारो झाडे ही एकाच लेखाच्या नकला असतात. जो रोग त्यांतील एका झाडाला आडवे करील, तो साऱ्या बागेला आडवे करू शकतो. माणसाचे तसे नाही. प्रत्येक अपत्याच्या वेळी आई-वडिलांचे लेख नव्याने पिसले जातात. म्हणून सख्खे भाऊही सारखे नसतात आणि एकाच साथीत काही जण दगावतात, तर काही तरतात. सिकलसेलचे मूळही या तरण्यातच आहे. तो भाग पुढे येईलच.

विळ्याच्या आकाराची पेशी

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसावयाच्या तांबड्या पेशी या रक्तात लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या दिसत होत्या. इंग्रजीत विळ्याला सिकल व पेशीला सेल म्हणतात. त्यावरून या विकाराला नाव पडले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवून दिले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्राम यांनी तो दोष नेमक्या एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन पोचविला. (जाता जाता एक गमतीची गोष्ट: ही प्रयोगशाळा आणि बसराई केळी ज्या कॅव्हेंडिश गटात मोडते तो गट, या दोहोंची नावे इंग्लंडमधील एकाच उमराव घराण्यावरून पडलेली आहेत.)

अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिन नावाचे जनुक आहे. त्याच्या सहाव्या शब्दाच्या जागी ‘जीएजी’ असावयास हवे. सिकलसेलमध्ये तेथे ‘जीटीजी’ असते. मधल्या ‘ए’चा ‘टी’ झाला, एवढाच फेर. परंतु त्यामुळे १४६ मण्यांच्या माळेत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन हा मणी ओवला जातो. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी मिळूनमिसळून राहणारे आहे. व्हॅलिनचा स्वभाव तेलासारखा, पाण्यापासून दूर पळण्याचा. रक्ताने प्राणवायू सोडून दिला की असे दूषित हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठर दोर तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते व डोळे पिवळे दिसतात. लवचिकपणा गेलेल्या या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. प्लीहेची जंतूंना अडविण्याची शक्ती लहानपणीच क्षीण होत असल्यामुळे साधा ताप जिवावर बेतू शकतो.

नवजात बालकात मात्र हे काहीच दिसत नाही. गर्भावस्थेत शरीर वेगळ्या प्रकारचे, गर्भकालीन हिमोग्लोबिन वापरते व त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत ते कमी होत जाते आणि मग हातापायांच्या पंजांना सूज येणे यांसारखी पहिली लक्षणे प्रकट होतात. मूल सहा महिने चांगले होते आणि मग ‘कोणाची तरी नजर लागली’, अशी समजूत होण्याचे एक कारण हेही असावे.

दोन नाण्यांचा हिशेब

आई-वडिलांकडून एकेक याप्रमाणे बीटा ग्लोबिनच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. दोन्ही प्रतींत हा फेर असेल तर ती व्यक्ती सिकलसेल रुग्ण होय. एका प्रतीत फेर आणि दुसरी शुद्ध असेल तर ती व्यक्ती वाहक होय. आरोग्य खात्याच्या कागदावर पहिल्यास ‘एसएस’ व दुसऱ्यास ‘एएस’ असे लिहिलेले असते. वाहक आजारी नसतो. शुद्ध प्रतीवरून बनणारे हिमोग्लोबिन त्याचे सारे काम भागवते; अतिशय मोठे श्रम व पाण्याचा अभाव असे क्वचित प्रसंग सोडले तर त्याला आयुष्यभर काही जाणवत नाही. ‘वाहक’ या शब्दाने लोकांच्या मनात डास किंवा दूषित पाणी उभे राहते, ही या शब्दाची दुर्दैवी बाजू आहे. सिकलसेल स्पर्शाने, अन्नपाण्याने, श्वासाने पसरत नाही.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात दोन नाणी घेऊन समजावून द्यावा. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. छापा म्हणजे शुद्ध प्रत, काटा म्हणजे फेर झालेली प्रत. दोघेही वाहक असतील तर दोन्ही नाणी एकदम उडवावीत. दोन छापे आले तर मूल निरोगी, एक छापा व एक काटा आला तर वाहक, दोन काटे आले तर रुग्ण. शंभर वेळा उडविल्यास सुमारे पंचवीस वेळा दोन काटे येतील. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारावी: एकदा दोन काटे आले, म्हणजे पुढील तीन खेपा सुरक्षित का? नाण्याला मागचे आठवत नाही. गर्भधारणेलाही नाही. प्रत्येक वेळी शक्यता पुन्हा चारात एक इतकीच असते. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची निर्धोक, असे समजून चालणारी कुटुंबे आहेत. म्हणून हा खेळ नुसता खेळ नाही.

वाहक आणि निरोगी यांच्या विवाहातून रुग्ण अपत्य होत नाही. निम्मी अपत्ये वाहक होण्याची शक्यता असते, इतकेच. रुग्ण आणि निरोगी यांची सर्व अपत्ये वाहक होतात. रुग्ण आणि वाहक यांच्या अपत्यांपैकी मात्र निम्मी रुग्ण होण्याचा संभव असतो. रुग्ण मूल जन्मास येण्यासाठी दोष दोन्ही बाजूंनी यावा लागतो. हे सुनेला बोल लावणाऱ्या घरांत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

सातपुड्यातच का?

भारतात सिकलसेलचा शोध १९५२ मध्ये लागला. लेहमान आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या डोंगराळ प्रदेशातील आदिवासींत आढळला. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी दीर्घकाळ या विषयाचा अभ्यास केला. काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार राज्यातील आदिवासी जमातींत वाहकांचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास आहे; परंतु भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या जमातींत हे जनुक २० ते ३५ टक्के इतक्या मोठ्या प्रमाणात आढळते. यांपैकी भिल्ल व पावरा हे आपल्या सातपुड्याचे रहिवासी. अक्राणी-धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर हा त्यांचा सलग प्रदेश आहे. जिल्ह्यांच्या सीमा नंतरच्या. नंदुरबार तर १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होते.

वीस टक्के वाहक याचा अर्थ समजून घेण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. अशा समाजात शंभर विवाह केवळ योगायोगाने जुळले तर त्यांपैकी सुमारे चार जोडप्यांत वधू आणि वर दोघेही वाहक निघतील. त्यांच्या अपत्यांपैकी चतुर्थांश रुग्ण, म्हणजे एकूण शंभर जन्मांमागे सुमारे एक. दहा पाड्यांच्या एका ग्रामपंचायतीत दहा वर्षांत किती मुले होतात, हे जन्मनोंदवहीवरून पाहून सरपंचांनी हा आकडा स्वतःच काढावा.

इतका घातक फेर समाजातून नाहीसा का झाला नाही? याचे उत्तर हिवतापात सापडले. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तविकारासंबंधी असा तर्क मांडला होता की, रक्तातील असे दोष हिवतापापासून संरक्षण देत असल्यामुळे टिकून राहत असावेत. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.) १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकलसेलच्या बाबतीत ते दाखवून दिले. वाहक बालकाला फॅल्सिपेरम जातीच्या घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे दाट जंगल, ओढेनाले आणि पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तेथे शुद्ध प्रतींची मुले हिवतापाने जात, दोन्ही दूषित प्रतींची मुले सिकलसेलने जात, आणि वाहक जगत. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत माणूस तग धरून राहिला, त्याची ही एक किंमत आहे. म्हणून या फेराला कोणत्याही जमातीचा ‘दोष’ मानणे अशास्त्रीय आहे. अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि आफ्रिकेचा फार मोठा भाग येथेही तो याच कारणाने आढळतो. आपल्याकडे विदर्भातील बिगर-आदिवासी समाजांतही तो आहे.

शेजारची अक्षरे काय सांगतात

येथून पुढचा भाग विशेष कुतूहलाचा आहे. मूळ फेराच्या आसपासची निरुपद्रवी अक्षरेही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत जोडीने चालत येतात. एखाद्या जुन्या दस्तऐवजाची नक्कल कोणत्या मूळ प्रतीवरून झाली, हे जसे त्यातील बारीकसारीक लेखनभेदांवरून ओळखता येते, तसेच या शेजारच्या स्निपांवरून सिकलसेलच्या जनुकाचे घराणे ओळखता येते. आफ्रिकेत अशी चार मुख्य घराणी आढळली. भारत आणि अरबस्तानातील रुग्णांत पाचवे, ‘अरब-भारतीय’ घराणे आढळले. निलगिरीपासून सातपुड्यापर्यंत परस्परांशी संबंध नसलेल्या जमातींतही बहुतांशी हेच घराणे सापडते. ‘ए’चा ‘टी’ जगात पाच ठिकाणी स्वतंत्रपणे झाला असावा, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१८ मध्ये श्राइनर व रोतिमी यांनी संपूर्ण लेखांच्या तुलनेवरून वेगळे मत मांडले. त्यांच्या मते हा फेर सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच झाला आणि तेथून सर्वत्र पसरला. ते मान्य केले तर पावरा पाड्यावरील बालक आणि ग्रेनाडाचा तो विद्यार्थी यांना एकाच दूरच्या पूर्वजाचे एक अक्षर वारशाने मिळालेले आहे.

अरब-भारतीय घराण्यात आणखी एक लहानसा फरक असतो. गर्भकालीन हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या १५८ अक्षरे अलीकडे ‘सी’च्या जागी ‘टी’ आढळतो. या एका अक्षरामुळे गर्भकालीन हिमोग्लोबिन वय वाढल्यावरही काही प्रमाणात तयार होत राहते, आणि ते जितके अधिक तितके दूषित रेणूंचे दोर कमी बनतात. त्यामुळे भारतातील पुष्कळ आदिवासी रुग्णांत विकार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. एका अक्षराने केलेली हानी दुसरे अक्षर काही अंशी भरून काढते, असा हा प्रकार आहे. तथापि ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ एवढेच वाक्य पाठ करून कोणी स्वस्थ बसू नये. एकाच घरातील दोन रुग्ण भावंडांत एक शेतीकाम करतो आणि दुसरा महिन्याआड रुग्णालयात असतो, असेही घडू शकते. विकाराची तीव्रता अन्य अनेक अक्षरांवर, आणि अक्षरांइतकीच पाणी, अन्न, ताप व श्रम यांवर अवलंबून असते.

भारतीयांच्या लेखांतील असे फरक आतापर्यंत फारसे नोंदले गेले नव्हते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये हाती घेतलेल्या जीनोम इंडिया प्रकल्पातून दहा हजार भारतीयांच्या लेखांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. तिचा उपयोग दिसण्यास काळ जाईल.

चाचणी आणि कुजबुज

सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. या मोहिमेत गावापर्यंत येणारी पहिली चाचणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते एका द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ झाले तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे मात्र या चाचणीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांखालील बालकात गढूळपणाची चाचणी भरवशाची नसते. तसेच नुकतेच रक्त चढविलेले असल्यास कोणत्याही चाचणीचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्यावा.

हा तपशील इतक्या विस्ताराने देण्याचे कारण आहे. पहिल्या चाचणीचा निकाल गावात फुटतो, दुसऱ्या चाचणीचा अहवाल यावयाचा असतो, आणि तेवढ्यात एखाद्या निरोगी वाहक मुलीवर ‘आजारी’ असा शिक्का बसून तिचे लग्न मोडते. मुलाच्या बाबतीत हीच गोष्ट सहज दडविली जाते. चाचण्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचा किंवा ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा उत्साह कोणीही दाखवू नये. अहवाल ज्याचा त्याच्या हाती, बंद लिफाफ्यात, समजावून सांगून द्यावा. समजावणे हे पावरी, भिलोरी किंवा अहिराणीत झाले तर उत्तम. ‘आनुवंशिक समुपदेशन’ हा शब्द ऐकून पाड्यावरची म्हातारी उठून जाईल. तिला दोन नाणी दाखविली तर ती बसेल.

विवाहापूर्वी दोघांची कार्डे पडताळून पाहावीत, हा या कार्यक्रमाचा गाभा आहे. पत्रिका जुळविण्यास जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळ त्यास लागतो. वाहकाने लग्न करू नये, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दोघेही वाहक असल्यास धोका जाणून निर्णय घ्यावा, इतकाच आहे. विवाह आधीच झालेला असेल तर गर्भारपणाच्या प्रारंभीच, साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करण्यास मुभा दिलेली आहे. अधिकाऱ्यांनी याबाबत निष्कारण धास्ती बाळगू नये. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था या विषयात काम करते.

शाळेत, शेतात, दवाखान्यात

आश्रमशाळेतील शिक्षकांच्या हाती बरेच काही आहे. सिकलसेलच्या मुलाचे मूत्रपिंड पाणी राखून ठेवू शकत नाही. त्याला वारंवार लघवी होते व वारंवार तहान लागते. अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ बाळगू द्यावी आणि बाहेर जाण्यास परवानगी मागावी लागू नये. अंथरूण ओले केले म्हणून वसतिगृहात त्याला शिक्षा होत असेल तर ती ताबडतोब थांबवावी. थंड पाण्याने आंघोळ, उन्हात दीर्घ कवायत, उपाशीपोटी शर्यत ही वेदनांना आमंत्रणे होत. ताप आला तर तो उद्यावर न टाकता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मुलगा अभ्यासात मागे पडतो तो बहुधा गैरहजेरीमुळे.

जळगाव-भुसावळकडचा मे महिना निरोगी माणसालाही सोसत नाही. त्यात सातपुड्यातील व साक्री भागातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. फडावर पाणी कमी, श्रम फार आणि दवाखाना दूर. घरी सौम्य असलेला विकार तेथे उग्र होतो. अशा कुटुंबाजवळ कार्ड, औषधांचा पुरेसा साठा व जवळच्या रुग्णालयाचा पत्ता असला पाहिजे. निघण्यापूर्वी आशा स्वयंसेविकेने एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल.

औषधांत फॉलिक आम्लाच्या गोळ्या, बालकांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस यांचे महत्त्व मोठे आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढविते, म्हणजे अरब-भारतीय घराण्यातील त्या दुसऱ्या अक्षराचेच काम करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासून, नियमित घ्यावे लागते. दुखणे थांबले म्हणून बंद करावयाचे नसते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत एका नव्या उपचारास मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या रक्तमूळ पेशी बाहेर काढून, गर्भकालीन हिमोग्लोबिनला आळा घालणारी यंत्रणा लेखात दुरुस्ती करून सैल केली जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत अशाच पण स्वस्त उपचारावर संशोधन चालू आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे; वाहकांचा नाही. तालुक्यातील रुग्णांपैकी कितींची प्रमाणपत्रे झाली आहेत, याची यादी पंचायत समितीने आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागवावी व राहिलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात दिवस ठरवून घ्यावा. तपासणी शिबिरांसाठी होळीचा पंधरवडा सोयीचा आहे. स्थलांतरित कुटुंबे त्या सुमारास गावी परततात, होळीपूर्वी ठिकठिकाणी भोंगऱ्या बाजार भरतात आणि तरुण मुलेमुली एकत्र येतात. बाजाराचे वार बहुतेक ठरलेले असतात. यावल आणि धुळे येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी व संबंधित आरोग्य केंद्रांनी माघ महिन्यातच ते कळवून घेतले, तर द्रावणाच्या बाटल्या, दुसऱ्या चाचणीसाठी नमुने नेणारे वाहन आणि पावरी बोलणारी एक परिचारिका, एवढी व्यवस्था वेळेवर होऊ शकते.